वाट्याचं पान

"लग्न आहे का गं गावात?" मृणालताईंनी विचारलं.

जीप नदीच्या कोरड्या पात्रातून वर चढत होती आणि पलीकडच्या मोहाच्या झाडांमागून शिंग फुंकल्याचा आवाज येत होता. एक लांब, मग दोन आखूड. हा आवाज मी आईच्या पाठीवर असल्यापासून ओळखते. शिकार मिळाली, हातातली कामं ठेवा आणि गायत्याच्या अंगणात या, असा त्याचा अर्थ.

"असेल," मी म्हटलं.

"अय्या, मग आपण अगदी मुहूर्तावर आलो म्हणायचं!"

ड्रायव्हर शेंडेनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो चंद्रपूरचा, जंगलातल्या रस्त्यांवर गाडी चालवून केस पांढरे केलेला. त्याला ते लग्नाचं शिंग वाटलं नसावं. पण भाड्याच्या गाडीचा माणूस, तो कशाला मध्ये तोंड घालेल. त्यानं गिअर बदलला.

मी खिडकीबाहेर बघत मनात म्हणत होते, ससा असू दे. ससा असला तर लपवता येईल.

लपवायचं कारण नागपुरात घडलं होतं. मृणालताईंच्या सासूबाईंना मी सांभाळत होते. नवरा तापानं गेल्यावर मी बापाकडे परत आले होते, तिथून सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला धरमपेठेत या घरी लावून दिलं. आजी अंथरुणाला खिळलेल्या. मराठी वाचायला मी शिकले ती त्यांच्या काढ्यांच्या बाटल्यांवरून, त्यामुळे मला 'जेवणानंतर' आधी वाचता आलं आणि 'आई' नंतर. माझं नाव जुरी, पण आजींच्या तोंडात ते बसेना म्हणून मृणालताईंनी जुई केलं. चांगलं घर होतं. ताई मला आपल्याच टेबलावर जेवायला बसवत. गॅलरीत पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी ठेवत, आणि उन्हाळ्यात एखादं भांडं कोरडं दिसलं तर साहेबांनाही बोलत.

एकदा दिवाणखान्यात त्यांच्या पक्षीमित्र मंडळाची माणसं बसली होती. मी चहा नेला. कुणाच्या तरी हातात पेपर होता आणि पेपरात आमच्या भागातला फोटो, बांबूला उलटं बांधलेलं चितळ आणि मागे हसणारी माणसं. ताईंनी सहज विचारलं, "जुई, तुमच्याकडे अजून करतात का गं शिकार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती माणसं वाईट नव्हती. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी होतं. मी म्हटलं, "नाही ताई. पूर्वी म्हातारे करायचे. आता कुणी नाही."

"बघा," एक गृहस्थ म्हणाले, "फरक पडतोच."

मी कप भरले. बशीत थोडा सांडला, एवढंच.

आजी गेल्या तेव्हा ताई म्हणाल्या, महिनाभर माहेरी जाऊन ये, मीच सोडते तुला, तुझं गाव तरी बघीन. मागच्या सीटवर त्यांनी गावासाठी घेतलेल्या चादरींचा गठ्ठा होता. मी होकार दिला तो हिशेब करूनच. वैशाख सरत आला होता. बियाण्याचा पंडुम, म्हणजे पेरणीआधीचा आमचा सण आणि त्याची शिकार, एव्हाना होऊन गेलेली असणार होती.

ससा नव्हता. भेकर होतं.

बाबांच्या अंगणात सागाच्या पानांवर ते आडवं पडलं होतं, तांबूस, लहानखुरं, झोपल्यासारखं. गाव सगळं गोळा झालेलं. माझा बाप गावाचा गायता, म्हणजे भूमीची पूजा करणारा. तो उकिडवा बसून सुरी दगडावर घासत होता. जीप थांबली तशी पोरं धावली, आणि माझा भाऊ लच्चू तोंडभर हसत पुढे आला.

"जुरी! तुझ्या पायगुणानं मिळालं बघ! तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा हात हलवत आलो. कोसी आत्यानं आमच्या तोंडाला शेण फासायचंच बाकी ठेवलं होतं."

"फासणारच होते," आत्या ओसरीवरून ओरडली. "तुम्ही कसले शिकारी रे! तुमच्यापेक्षा माझी कोंबडी बरी, रोज किडा तरी मारून आणते."

अंगण हसलं. मीही हसले. मग मागे जीपचं दार वाजलं आणि माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

मृणालताई उतरून भेकराजवळ आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि त्याच्या कानाला बोट लावलं.

"अजून गरम आहे गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"तू म्हणाली होतीस..."

"हो ताई."

बाबांनी वर पाहिलं. पाहुणी बाई जनावराला हात लावते म्हणजे तिला आनंद झाला, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान लववली आणि कापायला सुरुवात केली.

इथे आमच्या गावाची रीत सांगायला हवी. पंडुमाच्या शिकारीचं मांस कुणी शिकारी म्हणून नेत नाही. शिंग वाजून जनावर अंगणात आलं की त्या वेळी गावाच्या शिवेच्या आत जेवढे जीव असतील तेवढी पळसाची पानं मांडायची. म्हाताऱ्याला एक, पोराला एक, पोटातल्या पोराला एक, शिकारीत धावलेल्या कुत्र्याला एक. वाटेनं चाललेला परका असला तरी त्याला एक. सगळ्यांना सारखं. मग त्यातलं रक्त बियाण्याला लावतात आणि त्यानंतर पेरणी. पण एकही पान पडून राहता कामा नये. सूर्य बुडेपर्यंत एखादं पान तसंच राहिलं तर ती शिकार धरत नाहीत. भूमी म्हणते, एकाचं तोंड बंद आहे, मी का उघडू? मग पुन्हा शिकार, आणि ती मिळेपर्यंत बी घरात.

आणि त्या वर्षी पुन्हा शिकार कुठून करायची? नाक्यावर जंगलखात्याची नवी माणसं आली होती. शेजारच्या गावचे दोघे सशासाठी पकडले गेले होते ते अजून आतच होते. ही चौथी खेप माणसांनी जीव मुठीत धरून केली होती. पाऊस उंबऱ्यावर आलेला.

पानांच्या रांगा लागल्या. चुलीप्रमाणे रांग. आमच्या चुलीच्या रांगेत लच्चूच्या पानाशेजारी माझं पान आलं. अंगणाच्या दाराशी पाहुण्यांची रांग, त्यात दोन पानं, एक शेंडेचं, एक ताईंचं. प्रत्येक पानावर अंगठ्याएवढा तुकडा. भेकर ते केवढं, आणि गाव केवढं.

शेंडेनं आपलं पान उचललं आणि कपाळाला लावलं. "आपल्याले चालते जी. देवाचं हाय."

बाबांनी ताईंचं पान उचलून त्यांच्यासमोर धरलं. पाहुण्याला आम्ही दोन्ही हातांनी देतो. घरच्याला एका हातानं, बोलता बोलता, कधी नुसतं सरकवून.

ताईंनी हात मागे घेतले.

"जुई, त्यांना सांग, मी हे घेऊ शकत नाही."

"ताई, खायचं नाही. नुसतं हातात घ्यायचं. मग मी..."

"हातात घेतलं म्हणजे संमती दिली. तू समजून घे." त्यांचा आवाज मऊ होता, आजींना औषध घ्या म्हणताना असायचा तसा. "मी कुठे तक्रार करणार नाही. तेवढा विश्वास ठेव. पण पोटासाठी मारलं असतं तर एक वेळ समजू शकले असते. हा एवढासा तुकडा! कुणाचं पोट भरतं यात? नुसता मारण्याचा सण! त्यांना विचार ना, का?"

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"दमली आहे म्हणते. लांबून आली."

"दमलेल्याला तर आधी द्यावं," बाबा म्हणाले आणि हात तसेच पुढे ठेवले.

लच्चू दोन वर्षं आश्रमशाळेत गेला होता. त्याला मराठी कळायचं. "दमली नाही म्हणत ती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आपण नुसते मारतो म्हणते. तिला विचार जुरी, परवा नव्या रस्त्यावर ट्रकखाली अशीच दोन मेली, त्यांच्यासाठी कुणी जीप करून आलं होतं का? आम्ही त्याच्या नावानं बी पेरतो. ट्रकवाला काय पेरतो?"

"लच्चू, गप."

"सांग ना! तुझी एवढी मराठी झाली. सांग!"

"हा काय म्हणतोय?" ताईंनी विचारलं.

"चहा घेणार का, विचारतोय," मी म्हटलं.

एवढं सगळं चालू असताना माझं निम्मं लक्ष कशात होतं सांगू? लच्चूच्या फाटक्या बनियनमध्ये. आत्याच्या उघड्या खांद्यांवर. माश्यांवर. कुणीतरी पोरगं नाक पुसत ताईंच्या साडीचा पदर चाचपत होतं त्याच्यावर. हे सगळं मी ताईंच्या डोळ्यांनी बघत होते, आणि ताई त्यातलं काहीच बघत नव्हत्या. त्यांची नजर फक्त भेकरावर होती.

बाबांनी पान परत पाहुण्यांच्या जागी ठेवलं. बाकीचे आपापली पानं उचलत होते. रांगा कमी होत गेल्या आणि ते एक पान दिसायला लागलं. सूर्य सागांच्या शेंड्यांवर टेकला. बियाण्याच्या टोपल्या भिंतीशी मांडून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे कुणी बघेना आणि त्यांच्यावरून कुणाची नजर हलेना.

मी पुन्हा ताईंकडे गेले. आता त्या जीपच्या पायरीवर बसल्या होत्या.

"ताई, ते पान राहिलं तर यांना पेरता यायचं नाही."

"म्हणजे?"

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. नागपुरी मराठीत आमची भूमी फार वेडगळ वाटायला लागली. सांगता सांगता मला माझंच खरं वाटेना.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. "जुई, मी आज हे घेतलं तर उद्या ते म्हणतील, शहरातल्या बाईनंसुद्धा घेतलं. अगं, अशीच तर अंधश्रद्धा टिकते. कुणीतरी नाही म्हणायला हवं ना? न पेरून राहणार आहेत का ते? पेरतील. पोट कुणाला सुटलंय?"

त्यांचा त्यावर अगदी मनापासून विश्वास होता. म्हणून मला भांडताही येईना.

मी परत आले. माझ्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं.

बोलली ती कोसी आत्या. ती सगळ्यांत म्हातारी, रीत तिच्या जिभेवर. "चुलीतल्या एकाचं पान त्याच चुलीतल्या दुसऱ्यानं उचललं तर चालतं," ती म्हणाली. "माझा नवरा तापानं पडला तेव्हा त्याचं मी उचललं होतं. त्या बाईच्या चुलीवरचं कोण आहे इथे?"

सगळे शेंडेकडे वळले.

"तू तिच्या घरी जेवतोस?" लच्चूनं मराठीत विचारलं.

"छा! भाड्याची गाडी हाय माझी," शेंडे म्हणाला. "मी तं माझ्या बायकोच्या हातचं खातो. सकाळचा डबा बी तिचाच."

हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही, कारण आत्या माझ्याकडे बघत होती. मग एकेक करून सगळेच बघायला लागले.

ताईंच्या चुलीवरचं मी खात होते. आणि खालच्या फरशीवर नव्हे, टेबलावर बसून.

पण माझं पान बाबांच्या रांगेत होतं. ते तिथे कसं आलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. लेक लग्नानं दुसऱ्या चुलीत जाते. रांडाव होऊन परत आली तर बाप तिला पुन्हा आपल्या चुलीत घेऊ शकतो. कोंबडं कापून, गावाला बोलावून, चुलीतली राख तिच्या कपाळाला लावून. माझ्या बाबांनी ते केलं होतं. नवरा जाऊन पुरता पावसाळाही लोटला नव्हता आणि लोक म्हणत होते थांब, दुसरा नवरा करेल ती. बाबा म्हणाले होते, करेल तेव्हा करेल, तोवर ती कुठल्या रांगेत बसणार? पण हे एकदाच होतं. एक चूल एका लेकीला एकदाच परत घेते. दुसऱ्यांदा गेली ती गेली.

बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. गायता म्हणून उभे राहिले, कारण सगळ्यांसमोर विचारायचं ते गायत्यानंच विचारायचं.

"जुरी, तू कुणाच्या चुलीची?"

लच्चू म्हणाला, "बाबा, नको. पुन्हा जाऊ शिकारीला. मी जातो एकटा."

"आणि धरला गेलास तर?" आत्या म्हणाली.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

"हिच्या," मी ताईंकडे बोट करून म्हटलं. "मी हिच्या चुलीची."

पेरणीसाठी म्हटलं. गाव तसंच समजलं, आणि आजही कुणी मला त्यावरून बोल लावत नाही. उलट म्हणतात, जुरीनं त्या वर्षी बी वाचवलं. पण मी जरा थांबून म्हटलं असतं तरी चाललं असतं. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. आत्या आणखी काहीतरी सुचवणार होती, तिनं तोंड उघडलंही होतं. बाबांचा प्रश्न संपतो न संपतो तोच माझं उत्तर बाहेर आलं होतं, कधीचं तयार असल्यासारखं. ते बाबांनी ऐकलं.

ते आमच्या चुलीच्या रांगेपाशी गेले. लच्चूच्या पानाशेजारचं माझं पान उचललं. अंगण ओलांडून पाहुण्यांच्या रांगेत आले, तिथे खाली ठेवलेलं ताईंचं पानही उचललं, आणि दोन्ही पानं दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोर धरली.

"घ्या जी," ते म्हणाले.

मराठीत. माझा बाप आयुष्यात माझ्याशी मराठीत बोलला नव्हता. त्याला येत होतं ते एवढंच, बाजारात आणि नाक्यावर लागतं तेवढं.

मी घेतली.

लगेच ढोल वाजला. बायका टोपल्यांकडे धावल्या. आत्यानं लच्चूच्या पाठीत धपाटा घातला, "रडतोस काय मेल्या, बी आण!" एका क्षणात अंगणाचा सण झाला.

ताई जीपकडून चालत आल्या. आमचं बोलणं सगळं आमच्या माडिया बोलीत झालेलं, त्यातलं अक्षर त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरले होते.

"तू बोललीस त्यांना," त्या म्हणाल्या. "मला शब्द नाही कळले, पण चेहरे कळले गं. सगळे कसे गप्प झाले! स्वतःच्या माणसांसमोर उभं राहायला फार हिंमत लागते, जुई. मला तुझा अभिमान वाटतो."

माझ्या उजव्या हातात पानं होती. तो हात मी पाठीमागे धरला होता. पळसाच्या पानातून ओल मनगटावर उतरत होती. मी मान हलवली. कशाला हलवली, कोण जाणे. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

चादरी वाटून ताई अंधार पडायच्या आत विश्रामगृहाकडे गेल्या. मी दोन्ही तुकडे खाल्ले. ताईंचा आधी, मग माझा.

महिनाभर मी बाबांच्या घरी राहिले. सगळे गोड बोलायचे. सकाळी मी चूल फुंकायला बसले की वहिनी फुंकणी हातातून काढून घ्यायची. "असू द्या वन्सं, पाहुण्यांनी कशाला धुरात बसायचं." तिच्या मनात काही नव्हतं. रीतच तशी. त्या वर्षी धान चांगलं आलं.

नागपुरात ताईंनी ती गोष्ट मंडळात सांगितली, मग आणखी कुठे कुठे सांगितली. एका कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून शाल दिली. त्यांच्यातल्याच एका मुलीनं शिकारीविरुद्ध गावाला कसं सुनावलं, असं तिथे कुणी बोललं. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. शाल लोकरीची होती, आणि नागपुरात तेव्हा मे महिना.

आता मी पन्नाशीला आले. ताई थकल्यात, आता त्यांची औषधं मीच देते. पण त्या प्रसंगाची आठवण झाली की मला शालही आठवत नाही आणि भेकरही आठवत नाही. पुढच्या वर्षीचा पंडुम आठवतो.

त्या वर्षी मी वेळेवर गेले होते. शिकारीत दोन ससे मिळाले, कुणाला त्रास झाला नाही. बाबांनी पानं मांडली आणि मी कुणी सांगायची वाट न बघता अंगणाच्या दाराशी जाऊन बसले. तिथे आलापल्लीकडून आलेला एक बांगडीवाला आधीच बसला होता. शिंग वाजलं तेव्हा तो शिवेच्या आत सापडला होता. त्यानं आपलं गाठोडं सरकवून मला चटईवर जागा केली.

"बसा बाई, बसा," तो म्हणाला. "बाहेरच्याले बी देतात वाटते इथे. चांगली मानसं हायेत." मग माझ्या साडीकडे, चपलांकडे बघून त्यानं विचारलं, "तुमी कुठल्या जी?"

बाबा पान घेऊन समोर आले होते. एवढं मराठी त्यांना कळायचं. ते थांबले.

"नागपूरच्या," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पुढे केले.